झोपेचा रकाना

ओबाता वाहतूक कंपनीच्या कचेरीत फरशीवर एक पिवळी पट्टी मारलेली होती. ट्रक बाहेर काढण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरने त्या पट्टीमागे उभं राहायचं, टोपी काढून वाकायचं आणि टेबलापलीकडच्या माणसाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, असा शिरस्ता होता. शिरस्ता कंपनीचा नव्हे, कायद्याचा. दारू ओळखणाऱ्या यंत्रात फुंकायचं, अंगात कसकस आहे का ते सांगायचं आणि रात्री किती तास झोप झाली तेही सांगायचं. झोप अपुरी असेल तर त्या माणसाच्या हातात किल्ली द्यायची नाही. तो अधिकार टेबलापलीकडच्या माणसाचा, आणि तो माणूस म्हणजे मिसावा एइकिची.

मिसावा एकसष्ट वर्षांचा होता. सत्तावीस वर्षं त्याने स्वतः ट्रक चालवला. कंबर गेली तेव्हा थोरल्या मालकांनी त्याला परीक्षा द्यायला लावून हजेरीच्या टेबलामागे उभं केलं, त्यालाही आता अकरा वर्षं झाली होती. माणूस अबोल, अक्षर सुरेख. ड्रायव्हर चौदा आणि हजेरीला वेळ अर्धा तास, म्हणजे माणशी दोन मिनिटं. तेवढ्यात विचारायचं, ऐकायचं, लिहायचं आणि वर समोरच्याचा चेहराही बघायचा. ते जमेना, म्हणून मिसावाने पहिल्याच वर्षी एक सोय करून घेतली. संध्याकाळी घरी जाण्याआधी तो उद्याचा तक्ता पुढे ओढायचा आणि जे रोज तेच असतं ते शाईने भरून ठेवायचा. नाव, गाडीचा नंबर. चेहरा, ठीक. प्रकृती, ठीक. झोप, सहा तास. दारूचा आकडा तेवढा मोकळा सोडायचा, कारण तो यंत्र स्वतःच छापायचं. रात्र अजून व्हायची असे आणि मिसावाच्या तक्त्यात चौदा माणसं सहा सहा तास झोपून उठलेली असत.

शाईने लिहिलेलं बदलायचं तर त्यावर पट्टी धरून दोन रेघा मारायच्या, शेजारी खरा आकडा लिहायचा, त्यावर आपला शिक्का उठवायचा आणि खाली कारण नोंदवायचं. अकरा वर्षांत हे करायची वेळ मिसावावर फारशी आली नव्हती. ड्रायव्हरही शहाणे. झोप किती, असं विचारलं की सहा म्हणायचे. वर्षातून एकदा तपासणीला येणारा माणूस तक्त्यांची चळत चाळून म्हणायचा, "इतके स्वच्छ कागद मी दुसरीकडे पाहत नाही." मिसावा मान खाली घालायचा. पण घरी गेल्यावर ते वाक्य बायकोला सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

त्या दिवशी जुलैचा तिसरा आठवडा चालू होता. डोंगरावरच्या पठारावर लेट्यूसचा हंगाम ऐन भरात आलेला. पहाटे कापलेला माल नागोयाच्या बाजारात पोचवायचा, रिकाम्या खोक्यांसह चारच्या आत परत यायचं, की दुसरा माल तयार. इसेकी नावाच्या ड्रायव्हरच्या पाठीत उसण भरली होती, त्यामुळे एक माणूस आधीच कमी.

रांगेत कुरोइवा योशिहारु सातवा होता. सत्तेचाळीस वर्षांचा, उंच, खांद्यात वाकलेला गडी. लग्न केलेलं नव्हतं. घरी एक्याऐंशी वर्षांची आई. गेल्या हिवाळ्यापासून त्या आईचं घड्याळ बिघडलं होतं. रात्री एकला ती उठायची, भात टाकायची, डबा भरायची आणि योशिहारुला हलवून म्हणायची, ऊठ, शाळेला उशीर होतोय. तिच्या लेखी तो पाचवीत होता. आधी त्याने समजावून पाहिलं, तेव्हा ती रडायला लागली. मग तो मुकाट्याने उठून टेबलाशी बसायला लागला. ती समोर बसून त्याला चार घास खायला लावायची, तेव्हा कुठे तिचं समाधान व्हायचं. कंपनीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"काय रे, आज डब्यात काय?" मागे उभ्या सोनोदाने विचारलं.

"अंड्याची गुंडाळी आणि खारवलेलं उमेचं फळ."

"आणि भूमितीचा पेपर कधी?"

"शुक्रवारी. तुझ्यासारखा नापास होणार नाही, काळजी नको."

रांगेत हसू पसरलं. कुरोइवा पट्टीमागे आला, टोपी काढून वाकला. यंत्राने शून्य दाखवलं. मिसावाने नेहमीच्या सुरात विचारलं, "प्रकृती?"

"ठीक."

"झोप?"

"अडीच तास," कुरोइवा म्हणाला.

पेनाचं टोक कागदावर होतं, ते तिथेच राहिलं. मिसावाने वर पाहिलं. कुरोइवाचे डोळे लाल नव्हते. लाल असते तर बरं, असं नंतर मिसावाला कितीदा तरी वाटलं. ते कोरडे होते, आणि पापण्या जरा उशिरा मिटत होत्या, जरा उशिरा उघडत होत्या. सत्तावीस वर्षं ट्रक हाकलेल्या माणसाला ह्या पापण्यांचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको.

"काल दोनदा शाळा भरली," कुरोइवा म्हणाला. "एकदा एकला, एकदा तीनला. दुसऱ्यांदा निजायला गेलोच नाही."

कचेरीमागे तातामीच्या चटया अंथरलेली एक खोली होती. दोन उशा, एक पंखा. टेबलापासून बारा पावलं. जा, तिथे दोन तास पड, लेट्यूस कुठे पळून जात नाही, एवढं म्हणणं पुरे होतं. आणि मिसावाकडे स्वतःचाही जड वाहनाचा परवाना होता, मुदत न संपलेला. पण मागे अजून सहा माणसं उभी होती, आणि बाजारातला माणूस आठच्या ठोक्याला फोन करणार होता. आणि खरं सांगायचं तर, ज्या गोष्टीवर मिसावाची नजर खिळली होती ती ह्यातली कुठलीच नव्हती. ती होती तक्त्यातली सातवी ओळ, जिथे काल संध्याकाळी त्याने सुरेख अक्षरात सहा लिहिलं होतं.

कुरोइवा उंच होता. त्याला उलटा तक्ताही वाचता यायचा. तो हसला.

"तुम्ही तर लिहूनच टाकलंय. असू द्या मग. सकाळी सकाळी शिक्का कुठे शोधत बसता."

"झेपेल ना?" मिसावाने विचारलं.

"झेपेल."

झेपेल ना, असं विचारल्यावर त्या मुलखात कोणी नाही म्हणत नाही. बाप मरायला टेकलेला असला तरी माणूस झेपेल म्हणतो, आणि विचारणाराही तेच ऐकायला विचारतो. मिसावाला हे चांगलं माहीत होतं. म्हणूनच त्याने तसं विचारलं.

"परतताना कुठेतरी गाडी लाव आणि वीस मिनिटं डोळे मिट," तो म्हणाला.

"हो."

चारच्या आत परत यायचं म्हटल्यावर त्या वीस मिनिटांना कुठेच जागा नव्हती. वेळापत्रक मिसावानेच आखलेलं होतं.

कुरोइवा अंगणात गेला, ट्रकभोवती फिरून बोट दाखवत एकेक नाव मोठ्याने घेऊ लागला. टायर ठीक. आरसा ठीक. दिवे ठीक. खिडकीतून येणारा आवाज खणखणीत होता. मिसावाने स्वतःशी म्हटलं, आवाज तर चांगला आहे. आणि त्याने आठव्या माणसाला पुढे बोलावलं.

दुपारी दोनला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला. किसोच्या दरीत रस्त्याचं काम चालू होतं, एकच बाजू उघडी ठेवून आळीपाळीने गाड्या सोडत होते. कुरोइवाचा रिकामा ट्रक सरळ चालत आला, प्लास्टिकचे शंकू उडवत आत घुसला आणि लाल झेंडी घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला घासून डोंगराच्या भिंतीला टेकला. ब्रेकची खूण रस्त्यावर उमटलेली नव्हती. म्हातारा वाचला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं आणि खुबा निखळला होता. कुरोइवाच्या कपाळाला खोक पडली, बाकी काही नाही.

पोलिसांना कुरोइवाने सांगितलं ते असं. हजेरीत मला झोपेबद्दल विचारलं होतं. मी सहा तास म्हणून खोटं सांगितलं. मिसावासानना काही माहीत असणं शक्य नव्हतं.

धाकटे मालक ओबाता चाळिशीचे होते. त्यांनी त्या दिवसाचा तक्ता दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरला.

"झोप सहा तास, चेहरा ठीक, तुमचा शिक्का. मिसावासान, तुमच्या ह्या कागदाने कंपनी वाचवली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "खात्याचे लोक बोलावतील. कागदात आहे तेवढंच सांगा. जास्तीचं एक अक्षर नको."

मिसावा वाकला. त्या वाकण्याचा अर्थ हो असाही होत होता आणि नुसतं ऐकलं असाही. ज्याला बोलायचं नसतं त्याला वाकण्याची मोठी सोय असते.

तिसऱ्या दिवशी मालक आणि मिसावा इस्पितळात क्षमा मागायला गेले. काळे सूट, हातात योकान मिठाईची पेटी. झेंडीवाल्या म्हाताऱ्याचं नाव उमेझाकी. अडुसष्ट वर्षांचा, पोस्टातून निवृत्त झालेला, घरी बसवेना म्हणून उन्हात झेंडी धरणारा. पाय दोरीने वर टांगलेला होता. मालकांनी पाठ केलेलं बोलून दाखवलं. दोघे कमरेत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"बसा हो, बसा," उमेझाकी म्हणाला. "तुमची डोकी बघून माझा पाय सांधायचा नाही."

मग तो छताकडे बघत बोलू लागला, रागाने नव्हे, एखादी न समजलेली गोष्ट पुन्हा लावून पाहावी तसा. "त्याचे डोळे उघडे होते. मी झेंडी हलवली, तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, दिसलो मी ह्याला, आता थांबेल. म्हणून मी हललो नाही. तो डोळे उघडे ठेवून झोपला होता, असं पोलीस म्हणतात. असं होतं का हो?"

"होतं," मिसावा म्हणाला. मालकांनी त्याच्याकडे पाहिलं. "दोन-चार सेकंद. चालवणाऱ्यालाही कळत नाही."

त्याच्यावर स्वतःवर ते एकदा आलं होतं. चौतीस वर्षांचा असताना, अशाच दुपारी. रस्त्याच्या कडेच्या खडबडीत पट्ट्यावर चाक थरथरलं म्हणून जाग आली, नाहीतर पलीकडे नदी होती. त्याआधी तासभर तो काच खाली करत होता, रेडिओ वाढवत होता, स्वतःच्या थोबाडीत मारत होता. नव्या ड्रायव्हरांना तो दरवर्षी हेच सांगायचा. वारा, गाणी, कॉफी ह्यांनी झोप जात नाही, ती दाराआड उभी राहते. जांभया सुरू झाल्या की शहाणपणा एकच, गाडी बाजूला लावायची आणि झोपायचं. पोरं वहीत लिहून घ्यायची.

"मग सकाळी त्याला निघताना कुणी बघितलं नव्हतं का?" उमेझाकीने विचारलं. "आमच्याकडेसुद्धा मुकादम तोंड बघतो हो. म्हाताऱ्यांना ऊन लागतं म्हणून."

"बघितलं होतं. नियमाप्रमाणे सगळं झालं होतं," मालक म्हणाले.

मिसावा योकानच्या पेटीच्या कागदाची घडी बघत राहिला.

घरी बायको फुसाएने भात वाढला, तो त्याने चिवडला आणि ठेवला. चार रात्री तो असाच आढ्याकडे बघत पडत होता. पाचव्या दिवशी त्याने तिला सांगितलं. अडीच तास, सातवी ओळ, सगळं. आदल्या संध्याकाळी तक्ता भरण्याची सोयसुद्धा. तिच्या डोळ्यांकडे न बघता, टेबलावरच्या सोयाच्या बाटलीला सांगावं तसं सांगितलं.

फुसाएने ताटं एकावर एक ठेवली. मग म्हणाली, "अहो, तुम्ही ट्रकवर होतात तेव्हा मी रोज मनात म्हणायचे, निघण्याआधी कुणीतरी ह्यांना बघतं, विचारतं. त्या भरवशावर मला झोप लागायची."

एवढंच बोलून ती ताटं घेऊन उठली. शिव्या दिल्या असत्या तर मिसावाला सोसल्या असत्या.

रविवारी तो कुरोइवाच्या घरी गेला. दार म्हातारीने उघडलं. छोटीशी, केस नीट विंचरलेली, अंगावर कामाचा एप्रन. मिसावाचा काळा सूट बघताच ती उंबऱ्यावरच गुडघे टेकून बसली आणि तिने कपाळ जमिनीला लावलं.

"मास्तर, तुम्ही घरी आलात. हारुने काही केलं का?"

मिसावा गोंधळला. "नाही, नाही. उठा तुम्ही."

"वर्गात झोपतो म्हणे तो."

"एकदाच," मिसावा म्हणाला.

"त्याला रागावू नका, मास्तर. दोष माझा आहे. मला उशिराची भीती वाटते, मी त्याला फार लवकर उठवते." ती हळू आवाजात, कुणी ऐकू नये अशा बेताने बोलत होती. "पण तुम्हीच त्याला विचारत चला हो. तो आपणहून बोलायचा नाही. बापाच्या वळणावर गेलाय. पाय मोडला तरी ठीकच म्हणेल."

"त्याने सांगितलं होतं," मिसावाच्या तोंडून निघून गेलं.

म्हातारीने मान वर केली. "मग?"

तिचे डोळे स्वच्छ होते. ह्या एका क्षणी ती कुठल्या सालात होती कोण जाणे, पण प्रश्न मात्र नेमका होता. मग, काही नाही. मग मी तक्त्याकडे बघितलं. हे शब्द जुळवून म्हाताऱ्या बाईसमोर ठेवता येण्यासारखे नव्हते.

एवढ्यात आतून कुरोइवा आला, कपाळावर पट्टी. "आई, आत चहा टाक. मास्तरांना चहा हवाय." ती लगबगीने आत गेली.

दोघे अंगणात उभे राहिले. कुंड्यांत भोपळी मिरच्या लागल्या होत्या.

"तू पोलिसांना खोटं का सांगितलंस?" मिसावाने विचारलं.

"खोटं कसलं? कागदात सहाच आहे."

"तू अडीच म्हणालास."

"म्हणालो. आणि असू द्या, असंही मीच म्हणालो." कुरोइवाने एक मिरची चाचपली, तोडली नाही. "ऐका मिसावासान. किल्ली मी फिरवली. तुम्ही मध्ये आलात तर कंपनीला टाळं लागेल. सोनोदाच्या दोन पोरी कॉलेजात आहेत. तो उमेझाकी म्हातारा काय, मी एकट्याने सांगितलं तरी तेवढाच लंगडणार आणि तुम्ही सांगितलं तरी तेवढाच."

"तुला तुरुंग होईल."

"होईल कदाचित. आईला माझी मोठी बहीण घेऊन जाईन म्हणतेय. तिकडे ती रात्री एकला कुणाला उठवेल, एवढीच काळजी आहे." तो हसला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "तुम्ही मध्ये येऊ नका."

"मी मध्ये होतोच," मिसावा म्हणाला. "किल्ली माझ्या हातातून तुझ्या हातात गेली."

कुरोइवा कुंड्यांकडे वळला. पाठमोराच तो म्हणाला, "मी त्या दिवशी अडीच का म्हणालो माहीत आहे? रोज सहा म्हणायचो. त्या दिवशी वाटलं, आज कुणीतरी थांबवावं."

आतून म्हातारी चहा घेऊन आली. कप तीन होते, आणि तिसऱ्यात दूध होतं. कुरोइवाने ते मुकाट्याने प्यायलं.

वाहतूक खात्याने मिसावाला पुढच्या बुधवारी नागानो शहरात बोलावलं. कुरोइवाचाही जबाब घ्यायचा होता. मालकांनी आदल्या दिवशी फोन करून आठवण दिली, कागदात आहे तेवढंच. मिसावाने हो म्हटलं. हो म्हणताना आपण नेमकं काय करणार आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं, हेही खरं. भित्रा माणूस शेवटच्या घटकेपर्यंत स्वतःवर विश्वास टाकत नाही.

तपासनीस एक चाळिशीच्या बाई होत्या. त्यांच्यासमोर त्या दिवसाचा तक्ता होता. त्यांनी विचारलं, "ड्रायव्हरने झोप सहा तास सांगितली. बरोबर?"

सही करायची आणि निघायचं, इतकं सोपं होतं. मिसावाने तक्ता आपल्याकडे फिरवला.

"नाही," तो म्हणाला. "त्याने अडीच तास सांगितली. सहा मी आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवले होते. खोडावे लागले असते. मी खोडले नाहीत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "का?"

"कागद स्वच्छ राहावा म्हणून." ते वाक्य मोठ्याने ऐकल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली. दुसरी कारणंही होती, माणूस कमी होता, माल पडून होता. ती सांगितली असती तर ऐकायला बरी दिसली असती. त्याने ती सांगितली नाहीत.

"हे त्या एकाच दिवशी झालं?"

कुरोइवासाठी आलेला मिसावा इथे थांबला असता तरी चाललं असतं. पण एकदा गाठ सुटली की दोरा ओढून धरता येत नाही.

"अकरा वर्षं," तो म्हणाला.

बाई उठल्या. कंपनीकडून मागवून घेतलेले गेल्या वर्षाचे तक्ते आतल्या खोलीतून आणून त्यांनी टेबलावर ठेवले. "ह्यात खरे आकडे कुठले, ते दाखवू शकाल?"

मिसावाने चळत पुढे ओढली आणि पानं उलटायला सुरुवात केली. सहा, सहा, सहा, सहा. कुठल्या दिवशी कोण खरोखर झोपला होता, कोण पोराच्या तापामुळे जागा होता, कुणाचं बायकोशी भांडण झालं होतं, काही सांगता येईना. हजारो रात्री त्याने चौदा माणसांकडून काढून घेतल्या होत्या आणि त्यांच्या जागी आपलं सुरेख अक्षर ठेवलं होतं. विसाव्या पानावर त्याने हात थांबवला.

"नाही दाखवू शकत," तो म्हणाला.

बाई म्हणाल्या, हे पोलिसांकडे जाईल. ड्रायव्हर सुटणार नाही, त्याने ट्रक चालवला आहे. पण त्याने सांगितलं होतं आणि तरीही त्याला पाठवलं, ही गोष्ट नोंदली जाईल आणि ती लहान गोष्ट नाही. तुमचं हजेरी घेण्याचं प्रमाणपत्र बहुतेक जाईल. कंपनीच्या बाकी गाड्यांचीही चौकशी होईल. मिसावा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता.

बाहेर बाकावर कुरोइवा बसला होता. त्याचा जबाब आता बदलावा लागणार होता, म्हणून त्याला आत बोलावलं. अर्ध्या तासाने तो परत आला. मिसावाच्या अंगावर ओरडेल असं वाटलं होतं. तो नुसता म्हणाला, "सोनोदा तुम्हाला सोडायचा नाही."

"नाहीच सोडणार."

"मालक तर फोनसुद्धा करणार नाहीत आता."

"चल," मिसावा म्हणाला. "गाडीत बस."

कुरोइवाचा परवाना काढून घेतलेला, म्हणून मिसावाची छोटी गाडी, मिसावाच चालवणारा. दुपारचे तीन वाजत आले होते. शहर मागे पडलं, रस्ता डोंगराला लागला. कुरोइवा खिडकीला डोकं टेकून पाचच मिनिटांत झोपला, तोंड उघडं, हात मांडीवर उताणे. कित्येक महिन्यांची झोप त्याच्या अंगावर एकदम कोसळली असावी. मिसावाने गार हवेचा पंखा त्याच्या बाजूने कमी केला.

बोगदा संपला, दुसरा आला. सांगून टाकल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मिसावाला हलकं वाटलं नव्हतं, फक्त अंगातली शक्ती निघून गेल्यासारखं झालं होतं. दहा रात्रींचं जागरण आता हिशेब मागत होतं. तिसऱ्या बोगद्याच्या तोंडाशी त्याच्या लक्षात आलं की दुसरा बोगदा कधी संपला ते आपल्याला आठवत नाही.

घर फक्त चाळीस मिनिटांवर होतं. फुसाए वाट बघत असेल. म्हातारीजवळ शेजारीण बसवली होती, तिला पाचपर्यंत सोडायचं कबूल केलं होतं. काच खाली करून जाता आलं असतं. चाळीस मिनिटं म्हणजे काय, कुणीही म्हटलं असतं, झेपेल.

पुढे रस्त्याकडेला शेतमाल विकण्याचा थांबा होता. मिसावाने वळण्याचा दिवा लावला, गाडी आत घेतली, चिंचोळ्या सावलीत उभी केली आणि इंजिन बंद केलं. त्या शांततेने कुरोइवा जागा झाला.

"काय झालं? पोचलो?"

"नाही," मिसावा म्हणाला. "मला झोप येतेय."

कुरोइवाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने थट्टा केली नाही. खिशातून फोन काढून शेजारणीला लावला आणि सांगितलं, आम्हाला उशीर होईल, सहा वाजतील, नाही, काही झालेलं नाही, वाटेत थांबलोय. मग त्याने आपल्या बाजूची खुर्ची मागे पाडली, आणि हात लांबवून मिसावाच्या खुर्चीचाही खटका दाबला.

खुर्ची मागे गेली. मिसावाने चष्मा काढून छातीवर ठेवला. डोळे मिटल्यावर उमेझाकी दिसला, लाल झेंडी हलवत, हा मला बघतोय असं समजून जागचा न हललेला. तो आता रोज दिसणार होता, हे मिसावाला कळलं होतं. बाहेर कुणीतरी मक्याच्या कणसांची टोपली उतरवत होतं. हळूहळू तो आवाजही लांब गेला.